‘फूटलूज’ : मोकळे पाय नेमके कोणाचे?

इंग्रजीतील ‘फूटलूज’ हे विशेषण अनेकांच्या परिचयाचे झाले ते १९८४ मध्ये याच नावाने आलेल्या हॉलिवूडपटामुळे. ‘फूट’ म्हणजे पाय आणि ‘लूज’ म्हणजे मोकळा. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द पायांत बंधन नसलेल्यासाठी शब्दशः वापरला जाई. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याला आजचा अर्थ लाभला : संसार, नोकरी यांचा पाश नसल्याने वाटेल तेव्हा वाटेल तिकडे जाऊ शकणारा.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘सडाफटिंग’. ‘भटक्या’ हा प्रतिशब्द मात्र फसवा आहे. भटका प्रत्यक्ष फिरत असतो. फूटलूज माणूस वर्षभर घरी बसला तरी चालते, निघण्याची मुभा असली की पुरे.

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी हे विशेषण उद्योगांना बहाल केले. तोडलेल्या उसातील साखर वेगाने घटते, म्हणून साखर कारखान्याला उसाच्या जवळच राहावे लागते. हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या धंद्याला असे बंधन नाही. कच्चा माल परदेशातून येतो आणि वजनाला नगण्य असतो. त्यामुळे खाणीपासून कितीही दूर असलेल्या सुरतेत हा धंदा बहरला. असे उद्योग ‘फूटलूज’. (त्यांना ‘सडाफटिंग उद्योग’ म्हणण्याचे धाडस अर्थातच कोणी करणार नाही.)

या शब्दाचा सर्वांत बोचरा वापर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी केला. दक्षिण गुजरातमधील असंघटित मजुरांवरील त्यांचे ‘फूटलूज लेबर’ हे पुस्तक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. बार्डोली परिसरातील ऊसतोडीसाठी खानदेशातून जाणाऱ्या मजुरांचाही त्यांनी अभ्यास केला होता. हे मजूर हंगामागून हंगाम गाव सोडतात, म्हणून फूटलूज; पण त्या पायांना दिशा मात्र दुसराच कोणी देतो. ब्रेमन यांनी याला नवी वेठबिगारी म्हटले.

बीडच्या ऊसतोड मजुरांना हे वेगळे सांगावे लागत नाही. नवरा-बायकोचा ‘कोयता’ मुकादमाकडून आगाऊ उचल घेतो आणि पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात, मुकादम सांगेल त्या कारखान्याच्या फडात उतरतो. हंगामाअखेरच्या हिशेबात उचल फिटली नाही, तर तोच कोयता पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे बांधलेला राहतो.