मोटारीस तेल कोणतें घालावें ?

वणी तालुक्यांत आज अशीं गांवें थोडीं, कीं जेथें एखाद्या कास्तकाराच्या दारीं ट्रॅक्टर किंवा मोटार उभी नाहीं. बैलास पेंड किती द्यावी हें आपल्या वाडवडिलांस ठाऊक होतें. बंडीच्या आंसास वंगण केव्हां घालावें हें घरांतील पोरासही सांगावें लागत नसे. परंतु लाखों रुपये देऊन मोटार घेणाऱ्या गृहस्थास ‘तिच्या एंजिनांत तेल कोणतें ?’ असें विचारावें, तर तो मिस्त्रीकडे बोट दाखवितो. या अनास्थेची किंमत बहुधा ऐन हंगामांत मोजावी लागते. सबब या विषयाचा थोडा विचार आम्ही येथें करीत आहों.

प्रथम तेलाचें काम काय, तें पाहूं. एंजिनांत धातूचे भाग एकमेकांवर मिनिटास हजारों वेळां घसटत असतात. त्यांच्या मध्यें तेलाचा केसाहूनही पातळ पापुद्रा असतो, म्हणूनच ते लवकर झिजत नाहींत. याशिवाय उष्णता वाहून नेणें, काजळी आपल्या पोटांत धरून ठेवणें आणि गंज न चढूं देणें, हीं कामेंही तेलाचींच. बंडीच्या आंसास आपले लोक एरंडेल घालीत. त्याच एरंडेलाचा उपयोग इंग्लंडांतील वेकफील्ड कंपनीनें १९०९ सालीं मोटारीच्या तेलांत केला, व एरंडीच्या इंग्रजी नांवावरून त्यास ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव पडलें. आज मोटारीचें तेल बहुतेक खनिज तेलापासूनच करतात. परंतु वंगणाचें तत्त्व तेंच आहे.

तेलाच्या डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे प्रतीचे नव्हेत, दाटपणाचे आहेत. अमेरिकेंतील एस. ए. ई. या मोटार एंजिनिअरांच्या संस्थेनें ही मोजणी १९११ सालीं प्रथम ठरविली. ‘डब्ल्यू’ हें हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर. त्याच्या मागचा आकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. पुढचा आकडा एंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंश उष्णतेस, तेल किती दाट राहील हें सांगतो.

आपल्याकडे एक समज फार रूढ आहे. वैशाखांत वणीस पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हां तेल जितकें दाट तितकें बरें, असें लोक म्हणतात. हा समज बरोबर नाहीं. बाहेर ऊन कितीही असो, एंजिनाची उष्णता त्यांतील पाण्याच्या योगानें ९० अंशांच्या आसपास राखली जाते, व तेल १०० अंशांच्या सुमारास असतें. डब्यावरील दुसरा आकडा त्याच उष्णतेचा आहे. कारखानदारानें हा हिशेब करूनच तेल ठरविलेलें असतें. पुष्कळशा नव्या पेट्रोल मोटारींस ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० असें पातळ तेल सांगितलेलें असतें. त्यांच्या एंजिनांत तेलाच्या वाटा अरुंद असतात. ट्रॅक्टरचें उरलेलें २०डब्ल्यू-४० अशा मोटारींत ओतलें, तर एंजिन जड चालतें, पेट्रोल अधिक जळतें, आणि सकाळीं सुरू करतांच तेल वरपर्यंत वेळेवर पोंचत नाहीं. उलट, दाट तेलासाठीं घडविलेल्या जुन्या एंजिनांत पातळ तेल घातल्यास तेलाचा दाब टिकत नाहीं.

आकड्यांइतकींच अक्षरें महत्त्वाचीं, पण तीं फारसें कोणी वाचीत नाहीं. ए. पी. आय. या अमेरिकन संस्थेच्या खुणेंत ‘एस’नें आरंभ होणारीं तेलें पेट्रोल एंजिनांचीं, व ‘सी’नें आरंभ होणारीं डिझेल एंजिनांचीं. त्यापुढील अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें, तितकें तेल अलीकडचें. डिझेलचें सीआय-४ हें २००२ सालचें, सीके-४ हें २०१६ सालचें. पेट्रोलचें एसपी हें २०२० सालचें. अलीकडचें तेल जुन्या एंजिनास सामान्यतः चालतें. जुन्या खुणेचें तेल नव्यास चालत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ चा नियम लागू झाल्यावर डिझेल मोटारींत धुराची काजळी अडविणारी गाळणी आली. साध्या तेलाची राख तींत सांचून ती तुंबते, म्हणून अशा मोटारीस कमी राखेचेंच तेल हवें. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांसही धुराचे नवे नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या मालकांनीं जुन्या ट्रॅक्टरचा अनुभव प्रमाण धरूं नये.

सिंथेटिक तेल उष्णतेंत अधिक टिकतें, हें खरें. पण ज्या एंजिनाच्या पुस्तिकेंत तें मागितलेलें नाहीं, त्यांत जास्तीचा पैसा ओतण्यापेक्षां साधें तेल वेळेवर बदलावें, हें अधिक हिताचें. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. जमिनीच्या वादांत दहा माणसें दहा गोष्टी सांगत, परंतु प्रथम पाहिला जाई तो सातबारा. मोटारीचा सातबारा म्हणजे कारखान्यानें दिलेली पुस्तिका. दुकानदार, मिस्त्री व शेजारी यांचें ऐकावें, पण निर्णय पुस्तिका पाहूनच करावा.

आतां आपल्या भागाविषयीं विशेष. वणीस एंजिनाची खरी पीडा उन्हापेक्षां धुळीची आहे. कोळशाच्या खाणी, चुन्याच्या भट्ट्या, कोळसा वाहणारे ट्रक आणि वखरणीच्या दिवसांत उडणारी काळी माती यांचे बारीक कण एंजिनांत शिरले, कीं ते तेलांत मिसळून कानशीसारखें काम करतात. आमच्या पाहण्यांतील एका ट्रॅक्टरचें तेल भारी किंमतीचें होतें, पण हवेच्या गाळणीची रबरी नळी फाटलेली होती. पेरणीच्या तोंडावर एंजिन धूर ओकूं लागलें. खोलून पाहतां सिलिंडर घासून गेलेले. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असतां मालकास दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें शोधीत फिरावें लागलें. म्हणून हवेची गाळणी व तिची नळी नेहमीं तपासावी. बहुतेक पुस्तिकांत धुळीच्या व जड वापरासाठीं तेल बदलण्याची मुदत निराळी व कमी दिलेली असते. तीच आपली समजावी. तेलाबरोबर तेलाची गाळणीही बदलावी.

तेलाची पातळी सकाळीं, सपाट जागेवर, दांडी पुसून पाहावी. ती दोन खुणांच्या मध्यें असावी. वरच्या खुणेवर तेल गेल्यास त्यास फेंस येतो व नुकसानच होतें. डिझेल एंजिनांत तेल लवकर काळें होतें, त्यास भिऊं नये. तें काजळी धरीत आहे इतकाच त्याचा अर्थ. परंतु तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे, आणि न घालतां पातळी वाढून डिझेलचा वास आला तर इंधन मिसळत आहे, असें समजून एंजिन तेथेंच थांबवावें.

बाजारांत जुन्या डब्यांत बनावट तेल भरून विकण्याचे प्रकार घडतात. झांकणाचें सील पाहावें, पक्की पावती घ्यावी, आणि रिकामा डबा भंगारांत देण्यापूर्वीं त्यास भोंक पाडावें. काढलेलें काळें तेल विहिरीजवळ किंवा नाल्यांत कदापि ओतूं नये. त्यानें पाणी नासतें. तें उघड्या हातांनीं वारंवार हाताळल्यास कातडीस कर्करोगाचें भय असतें. २०१६ च्या केंद्रीय नियमांन्वयें असें तेल घातक कचऱ्यांत मोडतें. तें सांठवून परवानाधारकाकडेच जाईल अशी व्यवस्था करावी.

शेवटीं एक लहानशी सूचना. एक वही घालावी. तींत तेल बदलल्याची तारीख, मोटारीचे किलोमीटर किंवा ट्रॅक्टरचे तास, तेलाचे आकडे व अक्षरें आणि पावतीचा क्रमांक लिहावा. या नोंदीस पांच मिनिटें पुरतात. ज्या कास्तकाराजवळ पुस्तिका व अशी वही आहे, त्यास तेलाच्या बाबतींत कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं.