घरात कोणाला काय येतं?

संतपूरच्या (ता. औराद, जि. बीदर) मराठी घरातलं मूल आजीशी मराठी बोलतं, शाळेत कन्नड शिकतं, बाजारातली दखनीही त्याच्या कानावर असते. १९५६ मध्ये बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं, तरी घरातली मराठी टिकली. इतक्या भाषा पेलणं ही मोठी ताकद आहे, पण मुलाला ती कुणी सांगत नाही.

नुसतं ‘हुशार आहेस’ म्हणणं पुरत नाही. मानसशास्त्रज्ञ क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर मागे हटली; मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली. म्हणून नेमकं सांगा: ‘आजीचं म्हणणं तू बाईंना कन्नडात नीट समजावलंस.’

घरच्यांचे गुणही असेच दाखवावेत. बियाणं राखेत जपणारी आजी, बैलाचं दुखणं चालीवरून ओळखणारे काका. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षण मुलांच्या अशाच भोवतालावर उभं होतं.

आज जेवताना मुलाला विचारा, आपल्या घरात कोणाला काय चांगलं येतं? त्यानं स्वतःचं नाव घेतलं नाही, तर ते तुम्ही घ्या.