पैलवानाचा खुराक लावला म्हणजे पैलवानासारखी तब्येत होते का? तालमीचं गणित समजून घ्या

कोल्हापुरात एखाद्या पोरानं जिम लावली की घरात आधी दुधाचा रतीब वाढतो. रात्री बदाम भिजत पडतात, तुपाची बरणी हाताशी येते. शेजारचे काका सांगतात, "पैलवानाचा खुराक लाव, बघ कशी तब्येत होते." चार महिन्यांनी तब्येत होतेही. फक्त ती दंडापेक्षा पोटावर जास्त दिसते.

यात दुधाचा किंवा तुपाचा दोष नाही. आपण तालमीकडून अर्धीच गोष्ट उचलली, तिथं घोळ झाला. तालमीचा नियम तीन शब्दांचा आहे: मेहनत, खुराक, आराम. आणि त्यांचा क्रमही हाच आहे.

तालमीतला दिवस कसा असतो?

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, देशभरातले मल्ल कोल्हापुरात आणले. १९१२ साली खासबागचं मैदान सुरू झालं. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी अशा तालमींतून पिढ्यान् पिढ्या पैलवान घडले.

तालमीतला पोरगा पहाटे उठतो, तेव्हा बाहेर अंधार असतो. आधी हौद्यातली लाल माती खोऱ्यानं उकरायची. हाच त्याचा पहिला व्यायाम. मग जोर, बैठका, आणि त्यानंतर जोडीदाराबरोबर लढत. घामानं माती अंगाला चिकटेपर्यंत हे चालतं. तोवर पोटात फारसं काही नसतं. मेहनत उरकली की बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटून केलेली थंडाई. दुपारी जेवण, मग झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत.

म्हणजे खुराक ही मेहनतीची भरपाई आहे. जेवढं खर्च केलं, तेवढं भरून काढायचं आणि वर थोडी भर घालायची. नवीन पोराला वस्ताद पहिल्या दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही. आकडा हळूहळू वाढतो आणि त्याच्या मागोमाग खुराक वाढतो. आजचं व्यायामशास्त्रही हेच सांगतं. स्नायूंवर ताण टप्प्याटप्प्यानं वाढवायचा, त्यांना पुरेसं अन्न द्यायचं आणि सावरायला वेळ द्यायचा. स्नायू वाढतात ते या सावरण्याच्या काळात, म्हणून दुपारच्या झोपेला तालमीत आळस म्हणत नाहीत.

आकड्यांत सांगायचं तर?

म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण १,००० कॅलरी असतात. समजा एकानं दिवसाला दोन लिटर दूध, १०० ग्रॅम बदाम आणि ५० ग्रॅम तूप असा खुराक लावला. दुधाच्या २,०००, बदामाच्या सुमारे ६०० आणि तुपाच्या ४५०. झाल्या ३,००० च्या वर. अजून भाकरी, भात आणि मटण ताटात यायचंय.

आता दुसरी बाजू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं ६५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,१०० कॅलरी पुरतात. अंगमेहनतीचं जड काम करणाऱ्याला सुमारे ३,५०० लागतात. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी पाऊण तास जिम करणारा माणूस पहिल्या आकड्याच्या जवळ असतो. खुराक मात्र तो दुसऱ्या आकड्याच्याही पुढचा खातो. उरलेलं शरीर चरबी म्हणून साठवून ठेवतं.

प्रथिनांचंही तसंच. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरेशी असतात. ६५ किलोच्या माणसाला ९० ते १३० ग्रॅम. अंडी, डाळ, उसळ, दही, चिकन यांतून हे जमतं. तांबड्या-पांढऱ्याच्या वाट्यावर वाट्या भुरकून मात्र जमत नाही. प्रथिनं मटणाच्या तुकड्यांत असतात, रश्श्यात मुख्यतः तेल आणि नारळ.

आणि कट्ट्यावर मिळणाऱ्या धारोष्ण दुधाबद्दल एक गोष्ट. ते कितीही ताजं असलं तरी कच्च्या दुधातून आजार पसरू शकतात. घरी आणून उकळून प्यायलं तर त्याची ताकद काही कमी होत नाही.

ताकद म्हणजे आकारच का?

स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं ते कुस्तीत. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं. ते मूळचे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. त्यांचा गट होता ५७ किलोचा. त्याआधी १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते त्याहून हलक्या गटात लढून सहावे आले होते. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शंभर-सव्वाशे किलोचा गडी येतो, पण हे पदक आणलं ते चपळाई आणि डावांच्या जोरावर.

आकाराच्या घाईपायीच काही पोरं इंजेक्शनांकडे वळतात. जिममध्ये ज्याचा गैरवापर होतो ते मेफेंटरमाईन हे खरं तर भूल देताना उतरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. त्यानं स्नायू वाढत नाहीत. थकवा तेवढा जाणवत नाही, आणि हृदयावर ताण येतो. थकवा लपवला तर कधी थांबायचं हे कळणार कसं?

कुस्ती सुटल्यावर काय?

सगळ्यात अवघड भाग हा आहे. माझे एक चुलते तरुणपणी तालमीत होते. लग्न झालं, नोकरी लागली, कुस्ती सुटली. रात्रीचा दुधाचा तांब्या मात्र सुटला नाही. पंचेचाळिशीत शुगर निघाली, गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी खाण्याबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पूर्वीपेक्षा जास्त काहीच खात नाही."

ते खरं होतं. पूर्वीइतकंच खात होते, आणि तोच घोटाळा होता. मेहनत थांबली की खुराकही आवरायचा असतो, हे त्यांना तालमीतच शिकवलेलं. पण खुराक आवरणं म्हणजे आपण आता पैलवान राहिलो नाही हे मान्य करणं. ते त्यांना बैठकांपेक्षा जड गेलं.

मग आपण काय करायचं?

तालमीतला क्रम घ्या, प्रमाण आपलं ठेवा.

- आधी तीन महिने व्यायाम नियमित होऊ द्या. आठवड्यात किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि एकूण १५० मिनिटं भरभर चालणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस आहे.
- खाणं एकदम वाढवू नका. व्यायाम वाढला आणि वजन-ताकद अडली, तर थोडं वाढवा.
- रोज सात-आठ तास झोपा. झोप मोडून केलेली मेहनत अंगी लागत नाही.
- व्यायाम सुटला, तर त्याच आठवड्यात ताटही कमी करा.
- शुगर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर खुराक ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

चुलते आता रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात. दूध अजून पितात, पण पेलाभर. आणि ज्या दिवशी फेरी चुकते, त्या दिवशी तेही नाही.