एका पत्त्यावर चौसष्ट जण

पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवळातली पोर्तुगीज घंटा 1739 साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी अर्पण केली, असं सांगतात. त्या वर्षापासून सेकंदाला एक या वेगानं कुणी रात्रंदिवस मोजत बसलं असतं, तरी आजही त्याचे 1000 कोटी पुरे झाले नसते. कॉपीराइटच्या तक्रारींतून गूगलला शोधयादीतून काढायला सांगितलेल्या लिंकांचा आकडा मात्र 1000 कोटी ओलांडून गेला आहे.

एवढ्या लिंका माणूस उघडून बघूच शकत नाही. बहुतेक काम यंत्रंच उरकतात. म्हणूनच मला 134 हा आकडा फार मोठा वाटतो. जुलै 2016 मध्ये ‘ढिशूम’ या सिनेमाची इंटरनेटवरची चोरी रोखायला इरॉस कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. अख्ख्या वेबसाइट सरसकट बंद करायला न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी नकार दिला. लिंक न् लिंक तपासा, वकिलांकडून पुन्हा तपासून घ्या, प्रतिज्ञापत्र द्या, मग या! शेवटी बंदी आली ती 134 लिंकांवर.

लिंकेमागचा माणूस शोधणं आणखी कठीण. हाती लागतो तो आयपी पत्ता. जुन्या आयपीव्ही4 पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून 429 कोटी 49 लाख 67 हजार 296, आणि माणसं 800 कोटींवर. म्हणून मोबाइल कंपन्या एकच पत्ता अनेकांत वाटतात. एका पत्त्याला 65,536 पोर्ट, म्हणजे जोडण्या वेगळ्या ओळखायचे क्रमांक. प्रत्येकाला 1,024 दिले तर चौसष्ट जण मावतात. पालीच्या बाजारपेठेतला पेढेवाला, दर्शनाच्या रांगेतलं पुण्याचं कुटुंब, एसटीची वाट बघणारी कॉलेजातली मुलगी, बाहेरून सगळ्यांचा पत्ता एकच दिसू शकतो. निर्मात्याच्या नोटिशीत पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल, तर संशय चौसष्टांवर.

नेमका माणूस ओळखायचा तर कुणी कधी कोणता पोर्ट वापरला याची नोंद लागते. सुरक्षेच्या कारणासाठी ती किमान दोन वर्षं जपायची, अशी दूरसंचार परवान्यांची अट डिसेंबर 2021 मध्ये आली. देशात इंटरनेटचे ग्राहक 90 कोटींहून अधिक आहेत, म्हणजे नोंद एवढ्या सगळ्यांची.

सिनेमावाल्यांचं नुकसान खरं आहे, त्यांना दाद मिळालीच पाहिजे. पण 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं आहे. तेव्हा निर्मात्याच्या वकिलानं पत्ता, पोर्ट आणि वेळ कोर्टापुढे ठेवावी, आणि कोर्टानं त्या एकाचंच नाव मागवावं. उरलेल्या त्रेसष्टांचं नाही.