साठीनंतरही कडा चढता येतो, पण पद्धत बदलून

बुऱ्हाणपूर : साठी उलटली की घरचे म्हणतात, "आता पुरे झाले डोंगर." पण नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या उभ्या कातळपायऱ्या २०२० मध्ये ६८ वर्षांच्या आजीबाई चढून गेल्या. स्वित्झर्लंडच्या मार्सेल रेमी यांनी २०१७ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, दोर बांधून आल्प्समधला कडा सर केला. हे जमतं कसं?

वयाबरोबर स्नायूंची ताकद घटते. बोटांच्या शिरा दुखावल्या, तर भरून यायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून अनुभवी प्रस्तरारोहक हातानं अंग ओढण्याऐवजी पायांवर भार टाकतात, दोन चढायांमध्ये विश्रांती वाढवतात आणि दोर वरून बांधून घेतात. हात सुटला तरी माणूस फार खाली येत नाही.

सरावासाठी बुऱ्हाणपूरकरांना सुमारे २० किलोमीटरवरचा असीरगड आहेच. तिथल्या पायऱ्यांनी दम वाढतो, मांड्या मजबूत होतात. तटावर मात्र चढू नये. किल्ला संरक्षित स्मारक आहे. सुरुवातीला डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथंच थांबावं आणि मदत मागावी.