दुरुस्तीचा हक्क आणि भाड्याचे गणित

जुन्या चाळीचे छत गळू लागले की मालक अपुऱ्या भाड्याकडे बोट दाखवितो आणि भाडेकरू कायद्याकडे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १९४० च्या पातळीवर गोठविले. इमारतींची झीज मात्र थांबली नाही. त्याची जागा घेणाऱ्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याचे कलम १४ दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकते. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. परंतु वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. मासिक भाडे १०० रुपये असेल तर हा हक्क वर्षाला अवघ्या ३०० रुपयांचा ठरतो! तेवढ्यात छत दुरुस्त होणे अशक्य. म्हणून तटस्थ अभियंत्याने पाहणी करून खर्च ठरवावा, ऐपतदार भाडेकरूने वाढीव भाडे द्यावे आणि ती वाढ केवळ दुरुस्तीसाठीच राखून ठेवावी.