बोटभर जाडीचा लॅपटॉप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, स्लिम लॅपटॉपबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. एक गिऱ्हाइकाचं: दिसायला छान, पण आत दम नाही, नुसती मिरवायची वस्तू. दुसरं विक्रेत्याचं: तोच प्रोसेसर, तीच रॅम, वजन मात्र कितीतरी कमी, मग जाडा घ्यायचाच कशाला? पहिल्यात थोडी तुच्छता आहे, दुसऱ्यात विक्रीची घाई. दोन्ही मतं यंत्राची परीक्षा पहिल्या दिवशी, काउंटरवरच उरकतात आणि चूक तिथेच होते. स्लिम लॅपटॉपचे गुण पहिल्या दिवसापासून हाताला लागतात. त्या गुणांसाठी बनवणाऱ्याने काय सोडलं, हे मात्र तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं. म्हणून त्याचा हिशेब निदान चार वर्षांचा मांडायला हवा, आणि तोही गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या हवेत, गर्दीत आणि खोल्यांत.

'मिरवायची वस्तू' हे मत अगदीच हवेतून आलेलं नाही. जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने पहिला मॅकबुक एअर कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला, तेव्हा त्याचं वजन १.३६ किलो होतं आणि किंमत १,७९९ डॉलर. त्याच कंपनीचा साधा मॅकबुक तेव्हा १,०९९ डॉलरला मिळत होता. जास्तीचे ७०० डॉलर मोजून गिऱ्हाइकाला काय मिळायचं? एकच यूएसबी पोर्ट आणि ८० जीबीची संथ हार्ड डिस्क. त्या वर्षी ही टीका रास्तच होती. पण ऑक्टोबर २०१० मध्ये ११ इंची एअर ९९९ डॉलरला आला. मे २०११ मध्ये इंटेलने तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात 'अल्ट्राबुक'ची कल्पना मांडली, तीच मुळी जाडी २० मिलिमीटरच्या आत आणि किंमत १,००० डॉलरच्या आत ठेवण्याच्या उद्दिष्टाने. संथ डिस्कची जागा एसएसडीने घेतली. म्हणजे २००८ चं निदान बरोबर होतं. रोगी मात्र केव्हाच बरा झाला, आणि लोक अजून जुनाच रिपोर्ट दाखवत फिरतात.

आता विक्रेत्याच्या 'तोच प्रोसेसर' या वाक्याकडे वळू, कारण खरी फसगत इथे होते. इंटेलचा कोअर आय-७ ७५००यू हा स्लिम लॅपटॉपसाठीचा प्रोसेसर: दोन कोअर आणि १५ वॉटची मर्यादा. त्याच पिढीतला कोअर आय-५ ७३००एचक्यू हा जाड लॅपटॉपचा: चार कोअर आणि ४५ वॉट. सलग चालणाऱ्या जड कामात हा 'कमी दर्जाचा' आय-५ त्या आय-७ ला सहज मागे टाकतो. स्टिकरवर मोठ्या अक्षरात आय-७ असतं. आकड्यांच्या शेपटीतलं यू किंवा एच हे अक्षर कोणी वाचत नाही, आणि काम किती होईल ते बरंचसं त्या शेपटीवर ठरतं. कारण साधं आहे. चिप जितकी वीज घेते तितकी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. पातळ पेटीत पंखा लहान, तांब्याची नळी बारीक आणि हवेला जागा कमी. उष्णता साठू लागली की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग आवरता घेते.

पण यावरून 'स्लिम म्हणजे दुबळा' असा निष्कर्ष काढणंही तितकंच चुकीचं. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिपचे दोन लॅपटॉप एकाच वेळी आणले: १.२९ किलोचा, पंखाच नसलेला एअर आणि पंखा असलेला १३ इंची प्रो. चिप एकच. छोट्या कामांत दोघांत फरक सापडत नाही. काही मिनिटं सलग जोर लावला की एअर मागे पडू लागतो. स्लिम लॅपटॉपची कमतरता वेगात कमी आणि दमसासात जास्त आहे. पत्रं, हिशेब, ब्राउझर, टॅली, व्हिडिओ कॉल, पुस्तकाची अक्षरजुळणी ही कामं छोट्या-छोट्या झटक्यांची असतात. मधल्या वेळात चिप नुसती बसून असते. तासभर चालणारं व्हिडिओचं रेंडरिंग किंवा जे. जे.च्या वास्तुकला विद्यार्थ्याचं त्रिमिती मॉडेल हे मात्र सलग दमाचं काम. तिथे स्लिम लॅपटॉप घेणं म्हणजे जास्त पैसे देऊन कमी यंत्र घेणं.

इथे मुंबईची हवा हिशेबात आणावीच लागते. परीक्षणं बहुधा वातानुकूलित खोलीत होतात. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. मे महिन्यात दुपारी लालबागच्या चाळीतल्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत पारा त्या मर्यादेला सहज टेकतो. बाहेरची हवाच गरम असेल तर पंखा कितीही फिरला तरी तीच हवा आत ओढणार. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवून काम करायची सवय! बहुतेक स्लिम लॅपटॉप खालच्या पट्टीतून हवा घेतात. गादी ती पट्टी बंद करते. पाटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर ठेवलं तरी खूप फरक पडतो. दुकानातला कूलिंग स्टँड ही त्यानंतरची गोष्ट.

मग हा सगळा खटाटोप कशासाठी? वजनासाठी, असं उत्तर येतं, आणि तिथे आणखी एक घोटाळा आहे: पातळ म्हणजे हलकं, हे गृहीतक. एलजीचा २०१९ चा ग्रॅम १७ पाहा. सतरा इंची पडदा, जाडी सुमारे १८ मिलिमीटर, वजन १.३४ किलो. त्याहून पातळ असलेला, पण १३ इंचीच, एम-१ एअर १.२९ किलोचा. चार इंच मोठा पडदा आणि फरक ५० ग्रॅमचा. हे धातूमुळे घडतं: ॲल्युमिनियमची घनता २.७, मॅग्नेशियमची जेमतेम १.७४. जाहिरात मात्र जाडीची होते, कारण फोटोत जाडी दिसते आणि वजन दिसत नाही. खरेदी करणाऱ्याने मिलिमीटर विसरून ग्रॅम विचारावेत, तेही चार्जरसकट.

यावर आक्षेप असा की पाऊण किलोने काय मोठा फरक पडतो? दारात गाडी उभी असणाऱ्याला पडत नाही. पण मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, असं रेल्वेचंच गणित आहे. करी रोडला किंवा चिंचपोकळीला चढून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणारा, तिथून फोर्टातल्या तीन कार्यालयांत फिरणारा सीएचा आर्टिकल बॅग छातीशी धरून उभा असतो. त्याच बॅगेत डबा, पाण्याची बाटली आणि पावसाळ्यात छत्री. त्याच्यासाठी एक किलोचं यंत्र ही चैन नाही. आणि ज्या घरात अभ्यासाला, जेवणाला आणि झोपायला एकच खोली आहे, तिथे काम संपल्यावर कपाटातल्या फायलींच्या शेजारी उभं राहणारं यंत्र हीदेखील सोयच आहे. स्लिम लॅपटॉपला श्रीमंतांची वस्तू म्हणणाऱ्यांनी हे सोयीस्करपणे सोडून दिलेलं असतं.

नाजूकपणाचा गैरसमज अर्धा खरा आहे. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क फिरती असायची, धक्का लागला की माहिती जायची. एसएसडीत फिरतं काही नाही, त्यामुळे धक्क्याने माहिती जाण्याची भीती खूप कमी झाली. धोका आता पडद्याला आहे. झाकण पातळ आणि पडदा व कीबोर्ड यांच्यातली फट अगदी कमी. कॅमेऱ्यावर चिकटवलेलं प्लॅस्टिकचं सरकतं झाकण तसंच ठेवून लॅपटॉप मिटला तर पडदा तडकू शकतो, असा इशारा ॲपलने २०२० मध्ये दिला होता. गर्दीत स्टीलचा डबा लॅपटॉपच्या पाठीवर दाबला जाणं हे त्याहून वाईट. 'लष्करी दर्जाची चाचणी' या शब्दांनी फार हुरळून जाऊ नये. एमआयएल-एसटीडी-८१० ही चाचण्यांच्या पद्धतींची जंत्री आहे. त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनी ठरवते आणि अमेरिकी संरक्षण खातं कोणत्याही लॅपटॉपला तसं प्रमाणपत्र देत नाही.

पाण्याचं प्रकरण याहून गंभीर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस अपवाद म्हणून सोडला तरी हिंदमाताला गुडघाभर पाणी हा अपवाद नव्हे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी खटका दाबून क्षणात निघायची. स्लिम लॅपटॉपची बॅटरी आत स्क्रूने किंवा गोंदाने बसवलेली असते, म्हणजे भिजलेल्या सर्किटला वीज मिळतच राहते. अशा वेळी बटण दाबून धरून यंत्र बंद करावं, चार्जर लावू नये, उलटं धरून पाणी निथळू द्यावं आणि दुरुस्तीवाल्याकडे न्यावं. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने आतलं पाणी निघत नाही. भुकटी मात्र आत जाते. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. थंडगार ऑफिसातून निघालेला लॅपटॉप दमट हवेत लगेच उघडला तर त्यावर दव धरू शकतं. बॅगेतच थोडा वेळ राहू द्यावा.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हा: आत्ता आठ जीबी घेऊ, पुढे लॅमिंग्टन रोडला वाढवून घेऊ. जाड लॅपटॉपच्या बाबतीत ही युक्ती वर्षानुवर्षं चालली. बहुतेक स्लिम लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर झाळलेली असते. कमी वीज खाणाऱ्या रॅमला चिपच्या अगदी जवळ बसावं लागतं, हे त्यामागचं तांत्रिक कारण खरं आहे. परिणाम असा की खरेदीच्या दिवशी घेतली तेवढीच रॅम शेवटपर्यंत. मायक्रोसॉफ्टने आपल्या कोपायलट प्लस लॅपटॉपसाठी किमान १६ जीबीची अट घातली, ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ पासून एअरची सुरुवात १६ जीबीपासून केली. आज आठ जीबीचा झाळलेला लॅपटॉप घेणं म्हणजे त्याचं आयुष्य आधीच कापून घेणं.

कंपन्या म्हणतात, इतकं पातळ करायचं तर दुरुस्तीची सोय सोडावीच लागते. हे पूर्ण खरं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत आलेला फ्रेमवर्क लॅपटॉप १.३ किलोचा आणि १६ मिलिमीटरच्या आतला आहे, आणि त्याची रॅम, एसएसडी, बॅटरी, पडदा, कीबोर्ड, इतकंच काय पोर्टसुद्धा घरी बदलता येतात. उलट टोकाचं उदाहरण ॲपलच्या २०१५ मधल्या 'बटरफ्लाय' कीबोर्डचं. जाडी वाचवण्यासाठी कळा इतक्या उथळ केल्या की धुळीच्या कणाने त्या अडकायच्या, आणि एक कळ बिघडली की बॅटरीसकट वरचा सगळा भाग बदलायचा. कंपनीने २०१९-२० मध्ये तो कीबोर्ड सोडून दिला आणि २०२२ मध्ये अमेरिकेतला दावा मिटवण्यासाठी ५ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. परळ-लोअर परळच्या बांधकामांच्या धुळीत असा कीबोर्ड किती टिकला असता, हे सांगायला नको. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं, पण झाळलेली रॅम पोर्टलने सुटत नाही.

बॅटरीचे 'अठरा तास' मंद उजेडात चालवलेल्या व्हिडिओचे असतात. ५० वॉट-तासांची बॅटरी सरासरी ५ वॉट खर्चाला दहा तास चालते, १५ वॉटला साडेतीन तासही नाही. ती पूर्ण संपवूनच चार्ज करावी, हा नियम निकेल-कॅडमियमच्या काळातला. लिथियमला उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं राहणं जास्त बाधतं. ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असेल तर चालू ठेवावी.

पोर्टची गोष्टही लक्षात ठेवा. सीएच्या डिजिटल सहीचं टोकन बहुधा जुन्या चौकोनी यूएसबीचं असतं आणि अनेक जुन्या सभागृहांचे प्रोजेक्टर अजून व्हीजीए मागतात. फक्त टाइप-सी असलेल्या यंत्राबरोबर ॲडॉप्टर आलेच, आणि त्यांची किंमत व वजन दोन्ही लॅपटॉपच्या खात्यात धरायला हवं.

तर निवाडा असा. लॅपटॉप रोज खांद्यावर असेल आणि काम कागदपत्रांचं, लेखनाचं, हिशेबाचं असेल, तर १६ जीबीचा हलका लॅपटॉप हा जास्त पैसे देऊनही शहाणपणाचा सौदा आहे. लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल किंवा संकलन-रेंडरिंग हेच पोटापाण्याचं काम असेल, तर पंख्यांना जागा देणारा जाडा घ्या आणि कोणाच्या टोमण्यांकडे लक्ष देऊ नका. काउंटरवर चार गोष्टी विचारा: चार्जरसकट वजन किती, रॅम झाळलेली आहे का, प्रोसेसरच्या आकड्यांनंतरचं अक्षर कोणतं, आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरी किती रुपयांत व किती दिवसांत बदलून मिळेल. यातल्या शेवटच्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं नाही, तर पुढच्या दुकानात जा.